मारुती ८०० कागदावर आणताना: एका डेंटरची केस

केस कोल्हापुरातली आहे. शिवाजी उद्यमनगर भागातल्या एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणारा पोरगा, वय विशीच्या आतबाहेर, शिक्षण दहावी, शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिलेली आणि त्यानंतर पेन्सिल हातात धरली ती फक्त पत्र्यावर खुणा करायला. मी रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा छोटा वर्ग घेतो, तिथे तो आला. गॅरेजला एक जुनी मारुती ८०० रंगवायला आली होती, मालकाला ती टू-टोन करून हवी होती, वर क्रीम आणि खाली गडद, पण खालचा गडद कुठला आणि दोन रंगांची सांधरेषा दाराच्या हँडलच्या वर घ्यायची का खाली हे काही ठरत नव्हतं. शेडकार्डवरच्या नखाएवढ्या चौकोनावरून आख्खी गाडी डोळ्यासमोर येत नाही, कुणाच्याच येत नाही. फोटो काढून ॲपमध्ये रंग बदलून बघितले होते त्यांनी, पण गाडीवर गंजाचे फुगे, एक दार वेगळ्याच पांढऱ्याचं, बंपर उडालेला, त्यामुळे ॲपमधली गाडी आणखीच ठिगळं लावल्यासारखी दिसायची. पोराचं म्हणणं एवढंच, "सर, मला नुस्ती ही एक गाडी काढाय शिकवा. बाकी काय नको."

मला ही मागणी फार आवडली. गाडी काढायला शिकायचं म्हणून येणारे बहुतेक जण मोबाईलवर लॅम्बोर्गिनी किंवा बुगाटीचा फोटो घेऊन येतात, जी त्यांनी आयुष्यात समोरून बघितलेली नसते, आणि मग फोटोतल्या रेषेमागे रेषा ओढत बसतात, ती रेषा तिथे का आहे हे कळायला काही मार्गच नसतो. इथे गाडी समोर उभी, हात लावता येतो, टेप लावून मोजता येते, खाली वाकून चाक कुठे बसलंय बघता येतं. माझं ठाम मत आहे की शिकताना एकच गाडी धरावी, दारातली धरावी, आणि ती आउटलाइनपासून नाही तर चाकापासून मोजत काढावी. या केसमध्ये ते सगळं नीट करून बघता आलं म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवातीची चित्रं

पहिल्या दिवशी त्याने वहीतली चित्रं दाखवली. सगळी साइडने काढलेली, आणि सगळ्यांची पद्धत तीच, बोनेटच्या टोकापासून रेषा सुरू करायची, काचेवरून टपावर, टपावरून मागे डिकीकडे, खाली येऊन परत पुढे, म्हणजे आधी गाडीचा बाहेरचा आकार पूर्ण करायचा आणि मग खाली उरलेल्या जागेत दोन चाकं बसवायची. यात होतं काय की चाकांना जागा उरेल तशी मिळते. त्याची चाकं एका चित्रात लहान, दुसऱ्यात एकमेकांच्या जवळ, तिसऱ्यात मागचं चाक जवळजवळ बंपरच्या खाली. हँडल, लॉक, वायपर, पेट्रोलचं झाकण, साइड इंडिकेटर, सगळं मात्र जागच्या जागी आणि अगदी बरोबर आकाराचं, कारण ते सगळं त्याने हजारदा काढलंय, बसवलंय. त्याला गाडीचे पार्ट पाठ होते, पण पार्टांमधलं अंतर कधी डोळ्याने मोजायची वेळ आली नव्हती, गॅरेजमध्ये ते अंतर कंपनीनेच ठरवून दिलेलं असतं ना.

त्यात त्याने व्हिडिओ बघून एक नियम उचलला होता, की दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तीन चाकं बसतात आणि गाडीची उंची दोन चाकं. हा नियम गाड्या काढणारे सगळीकडे सांगतात आणि तो खोटा नाही, मोठ्या रिमच्या बुटक्या गाड्यांना, सेडान किंवा स्पोर्ट्स कारला तो बऱ्यापैकी लागू पडतो. शिवाय डिझायनर लोक स्केच करताना चाकं मुद्दाम मोठी काढतात, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. पण ८०० ला हा नियम लावला की गाडी चिरडल्यासारखी दिसते, आणि त्याची दिसतच होती. त्याला वाटायचं आपला हात वाईट आहे. हात वाईट नव्हता, माप चुकीचं होतं.

मग आम्ही हिशोब केला आणि हा हिशोब मी आता प्रत्येकाला करायला लावतो. ८०० चा टायर १४५/७० आर १२. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची भिंत त्याच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५, ती वरून एकदा आणि खालून एकदा अशी दोनदा धरायची म्हणजे २०३, आणि मधे १२ इंची रिम म्हणजे साधारण ३०५. एकूण चाकाचा व्यास ५०८ मिलिमीटरच्या आसपास. टायरवरचा नंबर तो रोज वाचतो, पण त्या नंबरातून चित्राचं माप निघतं हे त्याला नवीन होतं आणि इथे त्याचे डोळे चमकले. आता गाडीची मापं घ्या, लांबी ३३३५, रुंदी १४४०, उंची १४०५, आणि व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २१७५. व्हीलबेसमधून एक चाक वजा केलं की मधली मोकळी जागा १६६७, म्हणजे सव्वातीन चाकांहून किंचित जास्त. उंची पावणेतीन चाकं. नियम सांगतो दोन. म्हणजे तो दर वेळी टपावरून पाऊण चाक, जवळपास ३९० मिलिमीटर कापत होता, एवढं कापलं तर आत माणूस बसणारच नाही. आणि आणखी एक बघा, रुंदी १४४० आणि उंची १४०५, म्हणजे ८०० समोरून जवळजवळ चौकोन आहे, तिचा तो भोळा चेहरा बराचसा या चौकोनामुळे आहे.

तुलनेसाठी गॅरेजमध्येच एक नवीन थार उभी होती, १८ इंची रिमवाली, टायर २५५/६५. तिचं चाक निघालं ७८९ च्या आसपास आणि व्हीलबेस २४५०, म्हणजे दोन चाकांच्या मधे फक्त दोन चाकं आणि वर थोडंसं. एका गाडीत सव्वातीन, दुसरीत दोन. मग तीनचा नियम पाठ करून काय उपयोग? आपल्याकडच्या गाड्यांची ठेवण मुळातच वेगळी आहे, लहान चाकं, उंच टप, आखूड बोनेट. ८०० मध्ये तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन आडवं बसवलंय म्हणून बोनेट एवढंसं पुरतं. पुढे २००६ च्या बजेटपासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना कर कमी झाला आणि कंपन्या गाड्या ३९९५ मिलिमीटरवर आणून तोडायला लागल्या, डिझायर आधी ४१६० होती ती २०१२ मध्ये ३९९५ झाली आणि डिकी मागून कापल्यासारखी दिसायला लागली. अशा गाड्या काढताना परदेशी गाड्यांची मापं डोक्यात असली की चित्र आपसूक बिघडतं, आणि शिकणारा उगाच स्वतःला दोष देत बसतो.

तर पहिले काही आठवडे फक्त साइड व्ह्यू. कागदाची एक पट्टी, तिच्यावर चाकाएवढी खूण, जमिनीची रेषा, पहिलं चाक, मग पट्टी सव्वातीन वेळा सरकवून दुसरं चाक, मग पावणेतीन चाकं उंचीवर टपाची रेषा, आणि हे सगळं झाल्याशिवाय बॉडीची एकही रेषा काढायची नाही. साधा झेरॉक्सचा कागद आणि बॉलपेन. बॉलपेन मुद्दाम, कारण खोडता येत नाही, हलकी रेषा पुसट येते, दाबली की गडद येते, आणि चुकलेली रेषा समोर राहते म्हणून पुढची तिच्याशी ताडून बघता येते. रेषेच्या बाबतीत त्याला फारसं शिकवावं लागलं नाही. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरल्यावर लांब ठोकळ्याला वॉटर पेपर लावून घासताना हात खांद्यातून फिरवावा लागतो, मनगटातून फिरवला की पत्र्यावर खड्डे पडतात, ती सवय त्याला होतीच आणि तीच सवय लांब सरळ रेषेला लागते.

चाक गोल नसतं

साइड जमली, मग कोपऱ्यातून दिसणारी गाडी, म्हणजे पुढचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसणारी. मालकाला दाखवायला हाच अँगल हवा होता. इथे मात्र सगळं गडबडलं आणि गडबडीचं मूळ चाकात होतं. "सर, चाक बरोबर काढलंय की, मग पंक्चर झाल्यागत का दिसतंय?"

त्याने चाकाचं लंबवर्तुळ काढलं होतं हे खरं, चपटं केलं होतं, पण दर वेळी सरळ उभं. अंड्याला टेबलावर उभं करावं तसं. नवशिक्यांची ही सगळ्यात कॉमन अडचण आहे आणि तिचं उत्तर त्याने शाळेत आधीच शिकलेलं होतं. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात बादली आणि तांब्या काढतात. बादलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ आडवं का असतं? कारण बादलीच्या मधून जाणारी रेषा उभी असते, आणि लंबवर्तुळाची आखूड बाजू कायम त्या मधल्या रेषेवर बसते, लांब बाजू तिला काटकोनात. बादली आडवी पाडा, तिरकी फिरवा, नियम तोच. आता ती आडवी पाडलेली बादली म्हणजे चाक आणि तिच्या मधून जाणारी रेषा म्हणजे ॲक्सल. म्हणून चाकाचं लंबवर्तुळ सरळ उभं नसतं, ॲक्सल कागदावर जिकडे कलतो त्याला काटकोनात ते कलतं.

हे नुसतं सांगून समजत नाही, मी वर्गात रिकामी बादली आडवी ठेवून तिच्यात झाडूचा दांडा घातला आणि ती वेगवेगळ्या बाजूंना फिरवून काढायला लावली. दोन रविवार त्याने बादल्याच काढल्या. मग गॅरेजमध्ये जाऊन त्याने स्वतःच पुढची पायरी केली, व्हील कॅप काढून हबच्या मधोमध मास्किंग टेपने एक काठी चिकटवली, बाहेर निघालेली, आणि तीन-चार पावलं मागे जाऊन त्या काठीच्या दिशेवरून लंबवर्तुळ बेतलं. हे मी सांगितलं नव्हतं.

याच्याच जोडीला दोन गोष्टी. समोरच्या कोपऱ्यातून बघताना पुढचं चाक जास्त गोल दिसतं आणि मागचं जास्त चपटं, कारण मागच्या चाकाकडे आपण जास्त तिरकं बघत असतो, नवशिका दोन्ही सारखीच चपटी काढतो आणि गाडी मधेच वळल्यासारखी वाटते. आणि टायर म्हणजे एक लंबवर्तुळ नाही, त्याला जाडी आहे, आतला काठ पण दिसतो, शिवाय टायर बॉडीच्या पत्र्याच्या थोडा आत बसतो, मडगार्डच्या कडेची सावली टायरच्या वरच्या भागावर पडते. तो वरचा काळा भाग काढला की चाक गाडीच्या आत जातं, नाही काढला तर बाहेरून चिकटवलेलं दिसतं.

ट्रेसिंगबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून आख्खी गाडी गिरवली तर काही शिकायला होत नाही. पण ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त चार लंबवर्तुळं, त्यांचे आखूड अक्ष आणि टायर जमिनीला टेकतात त्या जागा जोडणाऱ्या रेषा एवढंच काढलं तर खूप शिकायला होतं, मी ते सर्रास करायला लावतो.

डोळे कुठे आहेत

यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, म्हटलं की लोक घाबरतात, पट्टी घेऊन दोन व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात त्या जागा, कागदाच्या बाहेर कुठेतरी मांडायच्या वगैरे. आम्ही ते उलट्या बाजूने केलं. आधी प्रश्न, तुझे डोळे जमिनीपासून किती उंच? टेपने मोजले. उभा राहिला की दीड मीटरच्या थोडे वर. ८०० चं टप १४०५ वर, म्हणजे डोळे टपाच्या वर, म्हणून त्याला टपाचा वरचा पत्रा दिसतो. तोच थारजवळ उभा राहिला की तिचं टप १८०० च्या वर, डोळ्यांच्या वर, म्हणून टपाचा वरचा भाग दिसणं शक्यच नाही. त्याने आधी काढलेल्या थारच्या चित्रात टप वरून छान दिसत होतं आणि म्हणूनच ती गाडी टेबलावर ठेवलेल्या खेळण्याएवढी वाटत होती. मोठी गाडी लहान दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, डोळ्याची पातळी चुकलेली.

मग तो गॅरेजमधल्या स्टुलावर बसला, डोळे आले साधारण ११०० वर, म्हणजे ८०० च्या खिडकीच्या काचेतून जाणारी पातळी. त्या उंचीवर गाडीला चारी बाजूंनी मास्किंग टेप लावली. स्टुलावरून बघितल्यावर ती टेप कागदावर सपाट आडवी येते, तिच्या वरच्या रेषा, म्हणजे टपाची कड, लांब जाताना खाली उतरतात, आणि खालच्या रेषा, म्हणजे दाराची खालची कड, सिल म्हणजे दाराखालची पट्टी, टायरांची रेषा, लांब जाताना वर चढतात. एवढी एक गोष्ट डोळ्याने बघितली की व्हॅनिशिंग पॉइंट वेगळा शिकवावा लागत नाही, त्या रेषा कुठे मिळतात ते दिसतंच.

खोका काढला, आता तिरक्या बाजूवर मागचं चाक नेमकं कुठे? इथे शाळेतली भूमिती कामाला आली. पुढच्या चाकाभोवती चौकोन काढायचा, त्याच्या मागच्या उभ्या कडेचा मध्य घ्यायचा, पुढच्या वरच्या कोपऱ्यातून त्या मध्यातून रेषा काढून जमिनीच्या रेषेला भिडवायची, जिथे भिडते तिथे पुढच्या चौकोनाची कड. असं करत चौकोन मागे मागे सरकत जातात आणि आपोआप अरुंद होत जातात, जसे खरे दिसायला पाहिजेत तसे. तीन चौकोन आणि वर पाव, की मागचं चाक सुरू. साइड व्ह्यूमधलं सव्वातीनचं माप असं कोपऱ्यातल्या चित्रात येतं.

फोटोवरून करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच. मोबाईलने गाडीच्या अगदी जवळून फोटो काढला तर जवळचा हेडलाइट अवाढव्य येतो आणि मागचा भाग निमुळता, कारण हेडलाइट मागच्या भागापेक्षा कितीतरी जवळ असतो, आणि मोबाईलची लेन्स वाइड असल्यामुळे एवढ्या जवळूनही आख्खी गाडी फोटोत मावते. सात-आठ मीटर मागे जा, दोनपट झूम करा आणि मग काढा, गाडी डोळ्याला दिसते तशी येईल. त्याच्या आधीच्या निम्म्या अडचणी अशा जवळून काढलेल्या फोटोंमुळे होत्या.

मास्किंग टेप आणि ट्यूबलाइट

खोका आणि चाकं बसली तरी गाडी खोकाच दिसत होती. "सर, ह्यो तर डबाच झाला की." पहिलं कारण साधं होतं, त्याने काचांचा भाग खालच्या बॉडीइतकाच रुंद काढला होता. कुठलीही गाडी समोरून बघा, खिडक्यांच्या काचा वर जाताना आत झुकतात, टप खालच्या बॉडीपेक्षा अरुंद असतं. ८०० तशी सरळसोट गाडी, पण तिच्यातही हा झुकाव आहेच. तो आणल्यावर अर्धा डबा गेला.

उरलेला अर्धा घालवला तो त्याच्याच धंद्यातल्या सामानाने. बोनेट सपाट नसतं, मधे हलकं फुगलेलं असतं, दारालाही पोट असतं, पण हे फुगीरपण कागदावर कसं दाखवायचं? पेंटिंगच्या वेळची मास्किंग टेप घेतली आणि बोनेटवर डावीकडून उजवीकडे आडवी तीन ठिकाणी चिकटवली, मग दारावर वरून खाली, मग टपावर आडवी. टेप पत्र्याला धरून बसते, त्यामुळे जिथे पत्रा वळतो तिथे टेप वळते, आणि चित्रात फक्त ती टेप काढायची. बोनेटवरची टेप हलक्या कमानीसारखी आली, दारावरची वरच्या बाजूला सरळ, बॉडी लाइनवर, म्हणजे दारावरच्या आडव्या उठलेल्या रेघेवर, मोडलेली आणि खाली आत गेलेली. एवढ्या चार-पाच रेषांनी डब्याची गाडी झाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओत भिंतीवर काळ्या टेपने खऱ्या आकाराची गाडी काढायची पद्धत आहे, हे त्याला सांगितलं तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे आमचंच काम की हे." मला वाटतं त्या दिवसापासून तो स्वतःला शिकाऊ समजायचा थांबला, आणि ते बरंच झालं.

शेडिंगच्या बाबतीत तर मी त्याच्याकडून शिकलो म्हटलं तरी चालेल. पेन्सिलने गाडीला घासून घासून राखाडी करणं ही नवशिक्यांची आवड, त्याने गाडी मातीची दिसते, पत्र्याची दिसत नाही. रंगवलेला चकचकीत पत्रा हा आरसा असतो, त्यात शेडिंग कमी आणि प्रतिबिंब जास्त. डेंटर हे रोज वापरतो. डेंट नीट निघालाय का हे बघायला तो पत्र्यात पडलेली ट्यूबलाइट बघतो, ट्यूबची रेघ सरळ असली तर पत्रा सरळ, रेघ वाकडी झाली तर तिथे अजून खड्डा आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की हेच कागदावर काढ. मोकळ्यावर उभ्या गाडीत वरच्या बाजूला तोंड केलेले पत्रे, बोनेट आणि टप, आकाश दाखवतात म्हणून ते उजळ, दाराच्या वरच्या भागात दूरचं क्षितिज आणि इमारतींची गडद पट्टी, आणि दाराचा खालचा भाग जमीन दाखवतो. ती गडद पट्टी टेपने दाखवलेल्या वळणाप्रमाणे वळते. काचा लोक कोऱ्या सोडतात, उन्हात उभ्या गाडीच्या काचा बहुतेक गडद दिसतात, आतला अंधार बाहेर येतो, त्यावर आकाशाचा एक तिरका उजळ पट्टा सोडला की काच झाली. आणि गाडीखालची सावली अगदी काळी, विशेषतः टायर टेकतात तिथे, ती नसेल तर गाडी हवेत तरंगते, मग बाकी कितीही छान काढा.

मालकापुढे

शेवटी त्याने एकच बेस ड्रॉइंग पक्कं केलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि वॉटर कलरने वेगवेगळे पर्याय रंगवले, खाली मरून, खाली बाटलीचा हिरवा, खाली गडद निळा, आणि प्रत्येकात सांधरेषा एकदा हँडलच्या वर, एकदा खाली. मालकाने हिरवा घेतला आणि रेषा हँडलच्या खाली. ती खाली का हे चित्रात लगेच कळलं, वर घेतली की क्रीम भाग फक्त काचांपुरता उरायचा आणि आधीच उंच असलेली गाडी अजून उंच वाटायची, खाली घेतल्यावर ती जरा लांब दिसायला लागली. शेडकार्डवरून हे कुणाला कळलं असतं? गॅरेजच्या मालकाने त्यानंतर त्याला सांगितलंय की टू-टोनचं काम आलं की आधी कागदावर करून दाखवायचं.

चित्रं तांत्रिकदृष्ट्या निर्दोष नव्हती हेही नोंदवतो, नाहीतर केस अर्धी राहील. पलीकडच्या बाजूचं पुढचं चाक, जे बंपरखालून थोडंसंच दिसतं, ते सगळ्या चित्रांत जरा खाली उतरलं होतं. उपाय माहीत आहे, अलीकडच्या आणि पलीकडच्या टायरची टेकण्याची जागा जोडणारी रेषा ॲक्सलच्याच दिशेने जायला हवी, पण ती रेषा काढायचा त्याला कंटाळा येतो. आरसे त्याने दोन्ही एकाच मापाचे काढले. आणि तो अजूनही पहिल्यांदा हँडलकडे जातो, सवय आहे, मी पेन अडवतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिली गाडी कुठली घ्यावी असं विचाराल तर माझं उत्तर ८०० किंवा ओम्नी. ओम्नी तर खोकाच आहे, बोनेट नाही, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो, व्हीलबेस फक्त १८४०, त्यामुळे खोका आणि चाकं एवढ्या दोनच गोष्टींवर लक्ष राहतं. अँबेसेडर आणि पद्मिनी सगळ्यांना काढायच्या असतात, मलाही आवडतात, पण अँबेसेडरचे गोलसर मडगार्ड बॉडीत मिसळतात ती जागा टेपच्या रेषा जमल्याशिवाय येत नाही, तिला हात नंतर लावा. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यावर धंद्याला दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणाच्या तरी घरची जपलेली गाडी शोधावी लागेल, फोटोवरून ती काढू नका, तिच्या मागच्या बाजूची ठेवण फोटोत सपाट होऊन जाते.

सध्या तो हेडलाइटवर अडलाय. ८०० चे चौकोनी हेडलाइट तो तोंडावर चिकटवलेल्या स्टिकरसारखे काढतो, कारण काचेचा चौकोन तेवढा काढतो आणि आतली खोली काढत नाही. आम्ही आता बिघडलेला एक जुना हेडलाइट गाडीतून सोडवून टेबलावर ठेवलाय, त्याला बोनेटच्याच दिशेने जाणाऱ्या खोक्यात बसवून काढायचं, आधी मागचं भांडं, मग बल्ब, मग सगळ्यात शेवटी पुढची काच. बल्बमागचं ते वाटीसारखं भांडं म्हणजे परत लंबवर्तुळच आहे आणि त्याची मधली रेषा गाडीच्या लांबीच्या दिशेने जाते, चाकाच्या ॲक्सलसारखी आडवी नाही. हे त्याने गेल्या रविवारी मी सांगायच्या आधी ओळखलं.